बाणाच्या शेपटीचा दिवा

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत हरणाच्या शिकारीची कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. पांढऱ्या शेपटीचं हरीण झाडीतून बाहेर येतं तेही बहुधा या दोन टोकांना, उजेड धूसर असताना. तीरकमठा घेतलेला शिकारी झाडावरच्या मचाणावर बसलेला असतो. हरीण वीस-तीस यार्डांवर येतं, दोरी सुटते, हरीण उसळी घेऊन झाडीत घुसतं आणि पुढच्या क्षणी सगळं शांत होतं. शिकाऱ्यापुढे तेव्हा एकच प्रश्न उरतो: बाण लागला कुठे? फुप्फुसात, यकृतात, पोटात, की लागलाच नाही? या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. लगेच उतरायचं की रात्रभर थांबायचं, जनावर हाती लागणार की जखमी होऊन नाहीसं होणार, हे त्यातच येतं. या प्रश्नासाठी जे एक इवलंसं साधन अमेरिकेत आता पुष्कळ शिकाऱ्यांच्या बाणांत दिसतं, ते म्हणजे लाइटेड नॉक, बाणाच्या शेपटीला बसवलेला दिवा. शिकारीच्या नीतीत तो बसतो का, बाणाचं उड्डाण बिघडवतो का, जनावराला त्याचा फायदा की तोटा, यावर तिथे बराच वाद झाला आहे. हा वाद बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने धरला जातो, असं मला वाटतं. या दिव्याची किंमत बाण मारण्यात नाहीच. बाण सुटून गेल्यावर पुरावा हाती राहतो, यात ती आहे. आणि हा पुरावा वाचून थांबायची तयारी नसलेल्या शिकाऱ्याच्या हातात तोच दिवा अपाय करतो.

साधन समजून घेतल्याशिवाय पुढचं बोलता येणार नाही. नॉक म्हणजे बाणाच्या मागच्या टोकाची खाच, जी दोरीवर अडकते. साताऱ्या-नागपूरच्या सरावमैदानांवरही तिला नॉकच म्हणतात. लाइटेड नॉकमध्ये ही खाच अर्धपारदर्शक प्लास्टिकची असते, तिच्या पोटात एलईडी आणि त्याला जोडून काडीसारखी बारीक लिथियम बॅटरी. बीआर४२५ नावाची जी बॅटरी मासेमारीच्या रात्रीच्या तरंड्यात वापरतात, तीच यातल्या काही नॉकमध्ये चालते: चार मिलिमीटरच्या थोडी वर जाडी, अडीच सेंटिमीटर लांबी. दोरी सुटताना खाचेवर जो जोराचा धक्का बसतो त्याने आतला भाग दाबला जाऊन वीज जोडली जाते आणि दिवा लागतो. काहींमध्ये दोरीने ढकलला जाणारा छोटा दट्ट्या असतो, तर काही जुन्या जातींत धनुष्यावर चिकटवलेलं लोहचुंबक हे काम करायचं. बाण हाती आला की टाचणीने किंवा चाकूच्या टोकाने तो भाग मागे ओढून दिवा विझवायचा. बाणाच्या पोकळ कांडीचा आतला व्यास इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ०.२४६, ०.२०४, ०.१६६ इंच अशी चालू मापं आहेत आणि नॉक त्या मापाचीच लागते. सैल बसली तर ती कांडीत फिरते किंवा धक्क्याने दिवा लागतच नाही. कमी ओढीच्या साध्या लाकडी धनुष्यावर धक्का अपुरा पडून दिवा न लागण्याची शक्यता असतेच.

आता मूळ प्रश्नाकडे. बंदुकीची गोळी आणि बाण यांचं काम वेगळं आहे. बाणाच्या टोकावरची पाती कापत जातात आणि जनावर रक्तस्रावाने मरतं, म्हणून बाण कुठून गेला हे कळीचं. दोन्ही फुप्फुसं छेदली गेली तर हरीण बहुधा शंभर-दीडशे यार्डांत कोसळतं, अर्धा तास थांबून मागावर जायला हरकत नसते. यकृतात लागला तर ते थोडं अंतर जाऊन बसतं आणि तीन-चार तास तरी त्याला तिथेच राहू द्यावं लागतं. पोटात लागला तर आठ ते बारा तास. घाई करून उठवलं तर तेच हरीण कोसभर पळतं, पोटाच्या जखमेतून रक्त जवळजवळ ठिबकत नाही आणि माग तुटतो. त्यात बाण जिथे नेम धरला तिथेच लागेल याची खात्री नसते. साधारण ८५ मीटर प्रतिसेकंद वेगाचा बाण ३० यार्डांचं अंतर ०.३२ सेकंदात कापतो, तर दोरीचा आवाज तेच अंतर ०.०८ सेकंदात. म्हणजे हरणाच्या कानाला जवळजवळ पाव सेकंदाची आगाऊ सूचना मिळते. सावध हरीण तेवढ्यात पळण्यासाठी पाय दुमडून अंग खाली सोडतं आणि छातीवर धरलेला बाण पाठीच्या बाजूला लागतो. मेरीलँडमधल्या इंडियन हेड या नौदलाच्या तळावर १९८९ ते २००६ या काळात धनुर्धारी शिकाऱ्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या, त्यात बाण लागलेल्या हरणांपैकी १८ टक्के हाती लागली नाहीत. सराव-चाचणी उत्तीर्ण झालेल्या शिकाऱ्यांचा हा आकडा आहे. चाकांचं कंपाउंड धनुष्य असो वा खटक्याचा क्रॉसबो, प्रमाण सारखंच होतं. या नोंदी नॉकची परीक्षा घेण्यासाठी नव्हत्या, त्यावरून दिव्याच्या बाजूने काही सिद्ध होत नाही. पण नेम चांगला असणं पुरेसं नाही आणि नेमानंतरच्या टप्प्यावर बरंच हरवतं, एवढं मात्र त्यातून स्पष्ट होतं.

या टप्प्यावर दिवा काय देतो? धूसर उजेडात राखाडी बाण डोळ्याला दिसत नाही, जळती नॉक दिसते. तिची एक रेघ उमटते आणि हरणाच्या अंगावर थांबते किंवा पलीकडे जमिनीत जाऊन टेकते. मात्र शिकाऱ्याला दिसतं ते बाणाचं शेपूट. टोक कुठे पोचलं ते दिसत नाही, हे नेहमी लक्षात ठेवायला हवं. मचाण वीस फूट उंच असेल आणि हरीण वीस यार्डांवर उभं असेल तर बाण सुमारे अठरा अंशांनी उतरत जातो. तीस सेंटिमीटर जाडीच्या छातीतून बाहेर पडताना तो आत शिरलेल्या जागेपेक्षा दहाएक सेंटिमीटर खाली असतो. हरीण तिरकं उभं असेल तर फरक याहून मोठा. समजा दिवा मधल्या बरगडीवर दिसला. हरणाचं तोंड पलीकडे वळलेलं असेल तर तोच बाण पुढे सरकत फुप्फुसात जातो. तोंड शिकाऱ्याकडे असेल तर तोच मागे सरकत पोटात जातो. दिव्याची जागा एक, जखमा दोन, आणि थांबण्याच्या वेळेत अर्ध्या तासापासून बारा तासांपर्यंतचा फरक. म्हणून नुसता दिवा पाहून ‘छातीत बसला’ असं म्हणणं ही अर्धी साक्ष आहे. बाण सुटला तेव्हा हरीण कोणत्या कोनात उभं होतं ही आठवण तिला जोडली, तरच ती पूर्ण होते.

माझ्या मते दिव्याचा मोठा उपयोग पुढे आहे, बाण सापडण्यात. चांगला बसलेला बाण बहुतेकदा हरणातून आरपार जातो आणि पानांच्या थरात किंवा गवतात रुतून बसतो. दिवा नसेल तर संध्याकाळी तो शोधणं कठीण. आणि त्या बाणावर सगळं लिहिलेलं असतं. पिसांवर गुलाबी, बारीक फेसाचं रक्त असेल तर फुप्फुस. गडद, काळपट तांबडं असेल तर बहुधा यकृत. कांडीवर हिरवट चोथा आणि आंबूस वास असेल तर पोट. कांडीला पांढरट चरबीचा लेप आणि रक्त अगदी थोडं असेल तर बाण नाजूक भाग चुकवून गेला असण्याचा संभव जास्त. बाण लागला तिथे पडलेले केससुद्धा बोलतात, पोटाखालचे पांढरे आणि पाठीचे गडद, टोकाला काळे. बाण कोरडा स्वच्छ सापडला, तर हरणाला धक्काही लागलेला नाही, रात्रभर जंगल तुडवून बाकीची जनावरं उधळायचं कारण नाही. माग काढणाऱ्या कुत्र्याला बोलवायचं असेल, आणि न्यूयॉर्कसारख्या राज्यात दोरीला बांधलेल्या कुत्र्याने जखमी हरणाचा माग काढण्याची रीत १९७०च्या दशकापासून रुजलेली आहे, तरी त्याचा मालक पहिला प्रश्न हाच विचारतो की बाण मिळाला का आणि त्यावर काय आहे. हवेत उमटलेल्या रेघेपेक्षा जमिनीवर सापडलेला बाण हा कितीतरी भक्कम पुरावा आहे, आणि तो मिळवून देण्यात दिव्याला तोड नाही.

हरवलेल्या बाणाला दुसरीही बाजू आहे आणि तिचा संबंध शिकार न करणाऱ्यांशी येतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीला बंदी आहे, त्यामुळे आपल्याला हे सगळं दूरचं वाटतं. पण न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांच्या परसात हरणं रोज येतात, आणि वस्तीलगत जिथे बंदूक चालवता येत नाही तिथे त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचं काम धनुर्धाऱ्यांकडे येतं. त्या राज्यात २०१०च्या कायद्याने धनुष्याच्या शिकारीसाठी इमारतीपासूनचं किमान अंतर ४५० फुटांवरून १५० फुटांवर आणलं, अट अशी की इतक्या जवळ बाण मारायचा तर तो जमिनीपासून किमान आठ फूट उंचावरूनच मारायचा, म्हणजे तो खाली मातीत जाईल. पात्यासारख्या धारेचं टोक असलेला बाण अशा ठिकाणी गवतात राहून गेला तर दुसऱ्या दिवशी तिथे पोरं खेळणार, कुत्रं फिरणार, गवत कापायचं यंत्र चालणार. इथे दिव्याचा युक्तिवाद शिकारीच्या आवडीनिवडीपलीकडे जातो. वस्तीलगत बाण मारणाऱ्याने बाण शोधून न्यायचाच असतो, आणि ज्या साधनाने तो सापडतो ते वापरणं हे त्याचं शेजाऱ्यांप्रती देणं आहे.

आक्षेपांत पहिला वजनाचा, आणि तो खरा आहे. साधी प्लास्टिकची नॉक आठ-दहा ग्रेनची असते, दिव्याची वीस ते पंचवीस. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, म्हणजे वाढ जेमतेम एक ग्रॅमची. पण ती बाणाच्या अगदी शेवटी बसते. बाण सरळ उडण्यासाठी त्याचं वजन मध्यापेक्षा पुढे झुकलेलं असावं लागतं. हिशेब करून पाहू. २८ इंच लांब, ४०० ग्रेनचा बाण, तोल शेपटीपासून साडेसतरा इंचांवर, म्हणजे मध्यापासून साडेबारा टक्के पुढे. शेपटीत १५ ग्रेन वाढले की तोल सुमारे ०.६ इंच मागे येतो आणि साडेबाराचे जवळजवळ दहा टक्के होतात. बाण अजून शिकारीला योग्य राहतो, पण रुंद पात्यांच्या टोकाला हवा धरते तेव्हा शेपूट सावरण्याची त्याची शक्ती कमी झालेली असते. वेगही थोडा घटतो, ३० यार्डांवर बाण अर्ध्या-पाऊण इंचाने खाली लागतो. हे अंतर छोटं आहे, मात्र एका अटीवर: सराव आणि शिकार एकाच वजनाच्या बाणांनी व्हायला हवी. उन्हाळाभर हलक्या नॉकने नेम बसवून हंगामाच्या आदल्या रात्री दिवे खोचणारा माणूस प्रत्यक्षात न तपासलेला बाण जनावरावर सोडतो. यासाठीच बऱ्याच कंपन्या त्याच वजनाच्या, न पेटणाऱ्या सरावाच्या नॉक विकतात. टोकाचं वजन १०० ऐवजी १२५ ग्रेन केलं तरी तोल पुन्हा पुढे जातो. म्हणजे आक्षेपाचं उत्तर आहे, फक्त त्यासाठी शिकाऱ्याने आधी मेहनत केलेली असली पाहिजे.

हरीण दिवा पाहून बिचकतं, हा दुसरा आक्षेप फार टिकत नाही. १९९४ साली जेकब्ज, नाइट्झ आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या डोळ्याचं मोजमाप केलं, त्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या आढळल्या: एक ४५०-४६० नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाला संवेदनशील, दुसरी ५३७ नॅनोमीटरच्या हिरव्याला. तांबडा उजेड त्याला मंद भासतो. शिवाय दिवा लागतो तेव्हा बाण निघालेला असतो, आणि हरणाला दचकवतो तो त्याआधी पोचलेला आवाज. रंगाचा प्रश्न माणसाच्या बाजूने अधिक महत्त्वाचा आहे. अंधार पडताना माणसाचा डोळा तांबड्यापेक्षा हिरव्या-निळसर उजेडाला जास्त संवेदनशील होतो, आणि युरोपीय वंशाच्या पुरुषांत शेकडा आठांच्या आसपास लोकांना तांबडा-हिरवा भेद नीट कळत नाही. शरदातल्या तांबूस पानांवर तांबडा ठिपका त्यांना सापडणं कठीण जाईल. दुकानातल्या खोक्यावरचा रंग पाहून निवड न करता आपला डोळा आणि आपलं जंगल पाहून ती करावी.

नीतीच्या आक्षेपामागे मोठा इतिहास आहे. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ ‘याही’ जमातीचा शेवटचा माणूस, इशी, बाहेरच्या जगात आला. शल्यवैद्य सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्यविद्या शिकला आणि आर्थर यंगबरोबर त्याने धनुष्याची शिकार अमेरिकेत पुन्हा रुजवली. विस्कॉन्सिनने १९३४ साली हरणासाठी धनुष्याचा वेगळा हंगाम दिला. १९६१ साली या दोघांच्या नावाने पोप अँड यंग क्लब निघाला, धनुष्याने मिळवलेल्या शिकारीच्या नोंदी ठेवणारा. धनुष्याला लांब हंगाम दिला जातो तो हे हत्यार अवघड आहे म्हणून, आणि ते सोपं करत नेलं तर हंगामाचं समर्थनच संपेल, ही क्लबच्या जुन्या सभासदांची भीती मला रास्त वाटते. म्हणूनच धनुष्याला वा बाणाला कोणतंही इलेक्ट्रॉनिक साधन जोडलेलं असेल तर ती शिकार नोंदीत घ्यायची नाही, असा त्यांचा नियम होता. २०१४ साली सभासदांच्या मतदानाने त्यात दोन अपवाद झाले: पेटती नॉक आणि धनुष्यावरचा कॅमेरा. अंतर मोजणारं, नेम धरायला किंवा लक्ष्यावर उजेड टाकायला मदत करणारं साधन मात्र बादच राहिलं. हे दोन अपवाद एकाच वेळी झाले यात मला अर्थ दिसतो. दोन्ही साधनं नेमाला काडीचीही मदत करत नाहीत, दोन्ही जे घडलं त्याची साक्ष ठेवतात. वॉशिंग्टन आणि आयडाहो या राज्यांच्या नियमांतही बाणाला इलेक्ट्रॉनिक साधन जोडायला मनाई आहे आणि पेटत्या नॉकला तेवढी सूट आहे. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या स्पर्धांत मात्र पेटती नॉक चालत नाही, आणि तेही बरोबर आहे. २०२३ साली बर्लिनमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड प्रकारात विश्वविजेते झाले, तेव्हा प्रत्येक बाण लक्ष्यफळीवर सगळ्यांसमोर उभा होता. तिथे हरवण्यासारखं काही नाही, मागे सोडून येण्यासारखा जीव नाही.

इथे कोणी विचारेल, बाण सुटल्यानंतरचं सगळं चालतं असं म्हणायचं, तर उद्या माग सांगणारी लहर सोडणारी नॉकही चालवून घ्यावी लागेल. तशा नॉक बाजारात आहेत, आणि हा प्रश्न टाळून चालणार नाही. जनावर हाती लागणं हेच मोजमाप धरलं तर अशा यंत्राला तत्त्वतः नाही म्हणणं मला जड जातं. पण यंत्राचा माग लावायचा तर ते हरणाच्या अंगात राहिलं पाहिजे, आणि चांगला बाण तर आरपार जाऊन जमिनीवर पडतो. यंत्र अंगात ठेवायचं तर बाण आरपार जाऊ नये अशी सोय करावी लागेल. आरपार न गेलेल्या बाणाने जखमेचं एकच तोंड उघडं राहतं, रक्त जमिनीवर कमी पडतं, मृत्यू लांबण्याचा धोका वाढतो. म्हणजे शोध सोपा करण्यासाठी जखम वाईट करावी लागते. दिव्याला असलं काही करावं लागत नाही. बाण अंगात असो वा मातीत, तो आपल्या जागी जळतो आणि वाचायचं काम माणसाकडेच राहतं.

क्रॉसबोसाठी मात्र हाच दिवा वेगळ्या नजरेने पाहावा लागतो, कारण तिथे नॉक हा सुरक्षेचा भाग आहे. हातधनुष्यात खाच दोरीला पकडते. क्रॉसबोत पुष्कळदा दोरी आखूड बाणाला नुसती मागून ढकलते. त्यामुळे नॉक सपाट, अर्धचंद्राकृती, दोरीला धरून ठेवणारी अशा वेगवेगळ्या येतात आणि कोणत्या यंत्राला कोणती चालते हे कंपनीने ठरवून दिलेलं असतं. चुकीची नॉक लावली तर दोरी बाणाच्या वरून किंवा खालून निसटू शकते. सेकंदाला चारशे फूट वेगाने बाण फेकणारी ताकद मग यंत्रातच फुटते, धनुष्याचे बाहू चिरतात, बोटांना आणि डोळ्यांना इजा होते. अर्धचंद्राकृती नॉक कांडीत जराशी फिरली तरी तिची खाच दोरीला आडवी होते. म्हणून दिव्याची नॉक त्याच प्रकारची, त्याच कंपनीने मान्य केलेली आणि घट्ट बसलेली असल्याशिवाय क्रॉसबोला लावूच नये. इथे पंचवीस-चाळीस डॉलरांच्या पाकिटात दोन-चार डॉलर वाचवण्याचा विचार नको.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो: दिवा माणसाला धीट करतो. उजेड जवळजवळ संपला आहे, हरीण चाळीस यार्डांच्या पलीकडे आहे, पण दिवा आहे ना, सापडेल, असं म्हणून बाण सोडला जातो. वेळेला कायद्याची मर्यादा आहे, अंतराला फक्त शिकाऱ्याच्या संयमाची. आणि अंगात दिवा घेऊन पळणारं हरीण डोळ्यांसमोर असलं की मागे धावण्याचा मोह होतो. लाल ठिपका ऐंशी यार्डांवर झुडपात थांबलेला दिसतो आणि शिकारी लगेच मचाणावरून उतरतो. थांबलेला ठिपका म्हणजे मेलेलं हरीण, असा त्याचा समज असतो, पण यकृतात किंवा पोटात बाण लागलेलं हरीणही असंच थांबतं, बसतं आणि पावलांचा आवाज आला की उठून निघून जातं. रात्रभर सोडलं तर कोल्ह्यासारखे कायोटी त्याला आधी गाठतील, गरम हवेत मांस खराब होईल, ही भीती खरी आहे, आणि शिकारी तेवढ्यासाठी घाई करतो हेही समजण्यासारखं आहे. तरी पोटात लागलेल्या हरणाला उठवणं म्हणजे ते जवळजवळ गमावणंच. दिवा विझेल म्हणून घाई करायचं कारण तर मुळीच नाही. चांगल्या नॉकची बॅटरी वीस तासांहून अधिक टिकते. संध्याकाळी सहा वाजता पेटलेला दिवा सकाळी सहाला, बारा तासांची वाट पाहून झाल्यावरही, झुडपात तिथेच जळत असतो.